सरकत्या पट्ट्यावरचा कौल

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविलेला एखादा तरी मनुष्य आप्तेष्टांत वा शेजारीपाजारी नाही, असे घर आपल्या शहरांत आता शोधूनच काढावे लागेल. सरकारी आरोग्ययोजनांमुळे ही उपचारपद्धती खेड्यापाड्यांतील रुग्णांपर्यंतही पोहोचली आहे, आणि ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु या रुग्णांच्या आयुष्यात एक नवा वार्षिक विधी रूढ होऊ पाहत आहे. वर्ष भरले की छातीला तारा लावून घ्यायच्या, सरकत्या पट्ट्यावर धापा टाकीत चालायचे आणि हाती येणारा अहवाल ‘निगेटिव्ह’ निघाला की पुढील वर्षभर निर्धास्त राहायचे. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ निघाला तर पुन्हा अँजिओग्राफी, आणि कदाचित दुसरा स्टेंट. देवळात कौल लावावा तशी ही चाचणी लावली जात आहे. या विधीला वैद्यकशास्त्राचा आधार कितपत आहे, आणि ज्या कामासाठी ही चाचणी खरोखरच मोलाची आहे ते काम आपण तिच्याकडून करून घेतो काय, हे दोन प्रश्न म्हणूनच विचारले पाहिजेत.

ही श्रमचाचणी, म्हणजे रुग्णांच्या तोंडी असलेली ‘टीएमटी’ किंवा ‘स्ट्रेस टेस्ट’, आज ज्या पद्धतीने बहुतेक ठिकाणी घेतली जाते ती पद्धत अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास रूढ केली. पट्टा प्रथम ताशी २.७ किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढावर फिरतो. दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात वेग ताशी साडेपाच किलोमीटर आणि चढ चौदा टक्के होतो. तत्त्व साधे आहे. विश्रांतीच्या वेळी अरुंद झालेली रक्तवाहिनीही हृदयाची गरज भागवू शकते. श्रमाबरोबर मागणी वाढली की तिचे दारिद्र्य उघडे पडते. छाती भरून येते किंवा हृदयाच्या विद्युत्‌-आलेखात विशिष्ट बदल दिसतात. सुई टोचावी लागत नाही, खर्चही तुलनेने थोडा, आणि योग्य रुग्ण निवडून डॉक्टरांच्या देखरेखीखाली केली तर गंभीर अपघात अगदी विरळा. चाचणी लोकप्रिय झाली यात नवल नाही.

तथापि तिच्या निदानशक्तीला मर्यादा आहेत. १९८९ साली १४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार रक्तवाहिन्या खरोखरच अरुंद असलेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ६८ जणांचाच दोष आलेखावर उमटतो. उलट, तसा दोष नसलेल्या शंभरांपैकी सुमारे २३ जणांवर नाहक ठपका येतो. ज्यांचा मूळ आलेखच बिघडलेला आहे किंवा ज्यांना पेसमेकर बसविला आहे, त्यांच्या बाबतीत तर निष्कर्ष काढणेच दुरापास्त असते. शिवाय दोष कोणत्या रक्तवाहिनीत आहे, हेही हा आलेख नीट सांगू शकत नाही.

मग दरवर्षी चाचणी करण्याची ही सवय आली कोठून? तिचे मूळ इतिहासात आहे. आंद्रेआस ग्रुएन्टझिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृदयाची रक्तवाहिनी प्रथम रुंद केली. पण उघडलेल्या वाहिन्यांपैकी बऱ्याचशा काही महिन्यांतच पुन्हा आवळत. १९८६ मध्ये फ्रान्स व स्वित्झर्लंड येथे पहिले धातूचे स्टेंट बसविले गेले, तेव्हा हा दोष घटला, पण गेला नाही. त्या काळी रुग्णाला वरचेवर तपासून पाहण्यात अर्थ होता. २००२-०३ पासून औषधलेपित स्टेंट वापरात आले आणि पुन्हा आवळण्याचे प्रमाण खूपच खाली आले. कारण उरले नाही, सवय मात्र उरली.

आज स्टेंट बसविलेल्या रुग्णाला खरी भीती असते ती रक्ताच्या गुठळीची. गुठळी स्टेंटमध्ये धरते, किंवा दुसऱ्याच एखाद्या ठिकाणी, वाहिनी फारशी अरुंद नसतानाही, आतील चरबीचा थर फुटून ती तयार होते. पट्ट्यावरील चालणे हे संकट आधी ओळखू शकत नाही. ते टळते रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांनी, कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांनी, रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवण्याने आणि तंबाखू सोडण्याने. ‘टेस्ट नॉर्मल आली’ म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणारा रुग्ण अहवालाचा नेमका उलटा अर्थ लावीत असतो.

यावर असे म्हटले जाईल की, निदान मधुमेही व गुंतागुंतीच्या रुग्णांना तरी नियमित चाचणीने सावध करता येते. त्यांना कित्येकदा छातीत दुखतही नाही. शंका रास्त आहे. परंतु दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी नेमक्या अशाच अधिक जोखमीच्या १,७०६ रुग्णांवर याची परीक्षा घेतली, आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्ध्या रुग्णांची एका वर्षाने नियमितपणे ताणचाचणी करण्यात आली; उरलेल्यांची गरज पडेल तेव्हाच. दोन वर्षांअखेर मृत्यू, हृदयविकाराचा झटका अथवा छातीतील दुखण्यामुळे रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ५.५ टक्के, तर दुसऱ्या गटात ६ टक्के होते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नव्हेच. मात्र पहिल्या वर्षानंतर चाचणीच्या गटात अँजिओग्राफी व पुन्हा कराव्या लागलेल्या शस्त्रक्रिया, दोन्हींचे प्रमाण अधिक भरले. म्हणजे रुग्णाच्या पदरी उपचार पडले, आयुष्य पडले नाही. लक्षणे नसताना व प्रकृतीत बदल झालेला नसताना नियमित ताणचाचणी करू नये, असे अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे नमूद केले आहे.

याचा अर्थ ही चाचणी टाकाऊ आहे असा मुळीच नाही. स्टेंटनंतर छातीतील दुखणे वा धाप परतली असेल, एखादी वाहिनी अरुंद असूनही तशीच ठेवली असेल, किंवा रुग्णाच्या प्रकृतीवर इतरांचे प्राण अवलंबून असतील, तर ती अवश्य झाली पाहिजे; प्रसंगी सोनोग्राफीची किंवा किरणोत्सारी द्रव्याची जोडही द्यावी लागेल. ब्रिटनमध्ये स्टेंट बसविलेल्या बस वा ट्रक चालकाला पुन्हा परवाना हवा असेल, तर छातीतील दुखण्यावरची औषधे ४८ तास बंद ठेवून त्याला ब्रूस पद्धतीचे तीन टप्पे, म्हणजे नऊ मिनिटे, निर्वेधपणे पार करून दाखवावी लागतात. तेथे चाचणीला एक निश्चित प्रश्न विचारलेला असतो, म्हणून तिच्या उत्तरालाही अर्थ असतो.

आणि आपल्याकडे जो प्रश्न सर्वांत मोठा आहे, तोच तिला क्वचित विचारला जातो: या माणसाने किती श्रम करावेत? हृदयविकार झालेल्या रुग्णाला सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवण्याची रीत एके काळी सर्वत्र होती. १९५२ मध्ये बॉस्टनचे डॉ. लेव्हाइन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार करून तिला धक्का दिला. पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस यांनी दाखविले की, लंडनच्या दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. या गोष्टीला सात दशके लोटली, तरी घरी परतणाऱ्या आपल्या रुग्णाला मिळणारा सल्ला बहुधा ‘जपून राहा, जड काम करू नका’ एवढाच असतो. शेतमजुराने, हमालाने, डोक्यावर पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बाईने त्यातून काय समजावे? एक जण भीतीने काम सोडतो आणि घर कर्जात बुडते. दुसरा पोटासाठी पंधराव्या दिवशी पूर्वीइतकाच बोजा उचलतो. दोघेही अंधारातच असतात.

या अंधारात श्रमचाचणी दिवा धरू शकते. स्वस्थ बसलेल्या माणसाला लागणारी शक्ती एक ‘मेट’ मानली, तर ब्रूस पद्धतीचा पहिला टप्पा पुरा करणाऱ्याची कुवत सुमारे पाच मेट, दुसरा पुरा करणाऱ्याची सात व तिसरा पुरा करणाऱ्याची दहा मेट असते. जिना चढायला साधारण चार मेट लागतात. कुदळीने खणायला त्याहून अधिक. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,२१३ पुरुषांच्या अभ्यासात श्रमाची कुवत एका मेटने अधिक असेल तर मृत्यूची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी कमी आढळली. आलेखावरील रेघेइतकेच महत्त्व या आकड्याला आहे. मात्र व्यायामाचे मान ठरविण्यासाठी चाचणी घ्यायची तर ती नेहमीची औषधे चालू ठेवूनच घेतली पाहिजे. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला ‘२२० वजा वय’ हे पुस्तकी गणित लागू पडत नाही.

जेथे यंत्र नाही तेथेही मार्ग अडत नाही. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, चालताना त्याला सलग बोलता येते काय, यावरूनही पुष्कळ कळते. भारतातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले, पुढील हृदयविकार व मृत्यू यांत निर्णायक घट सिद्ध झाली नाही. पण पूर्वीच्या दैनंदिन कामांकडे परतण्यात योग करणारे रुग्ण पुढे होते. ज्या देशात बहुसंख्य लोक अंगमेहनतीवर जगतात तेथे हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. साध्या स्टेंटला ७,२६० व औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपये ही कमाल मर्यादा त्या वेळी ठरली. ते पाऊल योग्यच होते. आता स्टेंटनंतरच्या आयुष्याकडे लक्ष वळले पाहिजे. आरोग्ययोजनांनी व विमा कंपन्यांनी व्यायामाचे मार्गदर्शन हा शस्त्रक्रियेचाच भाग मानावा आणि कारणाशिवाय केलेल्या वार्षिक चाचण्यांचा भार उचलू नये. चाचणीच्या प्रत्येक अहवालावर ती कशासाठी केली, रुग्ण किती मिनिटे चालला आणि त्याने कोणती कामे करण्यास हरकत नाही, हे मराठीत लिहिलेले असावे. रुग्णानेही पट्ट्यावर पाय ठेवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे की, या चाचणीचे उत्तर काहीही आले तरी माझ्या उपचारांत काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल, तर ते पैसे औषधांसाठी राखून ठेवावेत, आणि चालायचे ते घराबाहेरच्या रस्त्यावर रोज चालावे.