दोन्ही डगरींवर हात

माणसानं पैज जिंकावी किंवा हरावी. पण दोन्हीकडून जिंकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. या मताला आमचे रोह्याचे साडू जबाबदार आहेत.

1983 सालची गोष्ट. विश्वचषकाआधी इंग्लंडातले बुकी भारताला एकास सहासष्ट भाव देत होते. म्हणजे त्यांच्या लेखी भारताचा विजय माझ्या बढतीइतकाच संभवनीय होता. साडूंनी रोह्यातल्या एका परिचिताशी एकास पन्नास भावानं पाच रुपये लावले. कायद्यानं हे तेव्हाही चालत नव्हतं नि आजही चालत नाही. पण पाच रुपयांत कसला आलाय जुगार, असं साडूंचं म्हणणं.

भारत फायनलला पोचला. सरळ माणसानं देव पाण्यात ठेवले असते. साडू एसटीनं पेणला आले. (रोह्याला तेव्हा रेल्वे पोचली नव्हती.) चपला काढता काढता म्हणाले, "वेस्ट इंडीजच जिंकणार. लावता सव्वाशे, बरोबरीनं?" माझं देशप्रेम उसळलं. हिला न विचारता मी हो म्हणालो.

हिशोब मागाहून कळला. भारत जिंकला, तर रोह्याचे अडीचशे येणार, पेणचे सव्वाशे जाणार, उरले सव्वाशे. वेस्ट इंडीज जिंकली, तर माझे सव्वाशे येणार, रोह्याचे पाच जाणार, उरले एकशेवीस. कुणीही जिंको, साडूंची दिवाळी!

25 जूनला आम्ही सारे रेडिओभोवती. भारत 183त गारद झाला तेव्हा घरात सुतक पडलं. रिचर्ड्स झोडायला लागला तेव्हा हिनं रेडिओला अंगारा लावला. कपिलदेवनं मागे धावत त्याचा झेल घेतला नि अख्खी आळी ओरडली. साडू शेंगा सोलत होते. 43 धावांनी जिंकल्यावर आमचे सासरे दुखरे गुडघे विसरून नाचले. नाचता नाचता थांबून म्हणाले, "जावईबापू, बरं वाटत नाहीये का?"

"छे! पाच रुपये जास्त सुटले," साडू म्हणाले.

याला लोक हुशारी म्हणतात. कसली हुशारी? आधी भारतानं फायनल गाठायला हवी, मग समोर माझ्यासारखा बावळट हवा. खरा बुकी बरोबरीचा भाव देत नाही. दोन्ही वेळा आपली कात्री लावतो. दोन्ही डगरींवर हात त्याचेच असतात, आपण मधल्या पाण्यात.

1981 साली लीड्सला ऑस्ट्रेलियाच्या लिली नि मार्शनी एकास पाचशे भावानं चक्क इंग्लंडवर पंधरा पौंड लावले. ऑस्ट्रेलिया 18 धावांनी हरली. यांना साडेसात हजार मिळाले. दोघं प्रामाणिकपणेच खेळले. पण संघ हरलेला नि खिसा भरलेला असताना चेहरा कसा ठेवायचा हो?

आमच्या पेणचे मूर्तिकार वर्षभर गणपती घडवतात. न खपले तर असावेत, म्हणून निम्मे मारुती करून ठेवणारा मी पाहिला नाही. करायला गेला गणपती नि झाला मारुती, ती गोष्ट वेगळी.

साडूंचा मुलगा सांगतो, याला हेजिंग म्हणतात. हेज म्हणजे कुंपण. असेल. त्या रात्री कुंपणानंच शेत खाल्लं एवढं खरं.

मला मिळालेले सव्वाशे दुसऱ्या दिवशी आळीभर पेढ्यांत गेले. एक पेढा साडूंच्या हातावरही ठेवला.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.