पहिल्या मालकाचं ऑइल

जुन्या गाड्यांच्या बाजारात जाणतं गिऱ्हाईक लगेच ओळखू येतं. नवखा माणूस आधी रंग बघतो, सीट दाबून बघतो, म्युझिक सिस्टीम लावून बघतो. डिझेल गाडी घ्यायला आलेला जाणता माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो. बॉनेट गरम लागलं, तर "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका," एवढंच सांगून निघतो. डिझेल इंजिनाचं दुखणं गारठलेल्या अवस्थेत, पहिल्या सेल्फला कळतं. हीटर प्लग गेले असतील, कंप्रेशन उतरलं असेल किंवा इंजेक्टर टपकत असतील, तर इंजिन कुरकुरत उठतं आणि धुराचा लोट सोडतं. गरम झालं की यातलं बरंचसं झाकलं जातं. म्हणूनच काही विक्रेते गिऱ्हाईक येण्याआधी गाडी एक चक्कर फिरवून आणतात.

बाजारात दिसणाऱ्या छोट्या डिझेल गाड्या बहुतेक एकाच काळातल्या आहेत. जून २०१० मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले. डिझेलला मात्र अनुदानाचा टेकू राहिला. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. मग पेट्रोलच्या गाडीपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजायला लोक तयार झाले आणि डिझेल स्विफ्टसाठी महिनोन् महिने थांबले. त्या वर्षांत शोरूममधून बाहेर पडणाऱ्या दोन मोटारींतली साधारण एक डिझेलची असायची. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही मोकळे झाले आणि फरक घटत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली. धूर साफ करणारी महागडी यंत्रणा छोट्या गाडीच्या किमतीत बसेना, म्हणून मारुतीने डिझेल इंजिनंच बंद केली. नव्या डिझेल हॅचबॅकमध्ये टाटा अल्ट्रोझसारखं एखादंच नाव उरलं. ज्याला छोटी डिझेल गाडी हवी, त्याला जुन्या बाजाराशिवाय फारसा पर्याय नाही.

या बाजाराचा खरा कर्ता म्हणजे एक इंजिन: फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, अचूक सांगायचं तर १,२४८ सीसी. युरोपात ते २००३ मध्ये आलं. जानेवारी २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये 'डीडीआयएस' नावाने आणलं आणि परवाना घेऊन हरियाणातल्या मानेसरला बनवायला सुरुवात केली. इकडे पुण्याजवळ रांजणगावात फियाट आणि टाटांच्या संयुक्त कारखान्यातून तेच इंजिन इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया यांत जाऊ लागलं. डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, शेव्हर्ले सेल अशी यादी वाढत गेली आणि मोटारशौकिनांनी त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली.

जुनी गाडी घेणाऱ्याला या गोतावळ्याचा मोठा आधार आहे. चंदगडपासून चंद्रपूरपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात हे इंजिन उघडलेला मेकॅनिक सापडतो. याउलट मारुतीने जून २०१५ मध्ये आणलेली डिझेल सेलेरिओ घ्या. ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि लिटरला २७.६२ किलोमीटरचा दावा. कागदावर तिला तोड नव्हती, पण ती दोनेक वर्षांतच बंद झाली. आज ती स्वस्तात मिळते, मात्र तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक शोधावा लागतो. शेव्हर्लेची ९३६ सीसीची डिझेल बीटही अशीच मोहात पाडते. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, हे सौदा करताना लक्षात ठेवलेलं बरं. इंजिनाचं काम निघेल. हेडलाइट किंवा बंपर फुटला, तर भंगार बाजाराच्या फेऱ्या घालायची तयारी हवी.

या १.३ इंजिनाचं आयुष्य ठरतं ऑइलवर. त्यात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून "काही बघावं लागत नाही" असं विकणारा छातीठोकपणे सांगतो. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. आणि या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम तीन लिटर. ते अर्धा-पाऊण लिटर कमी झालं किंवा बदलायच्या मुदतीपुढे बरंच चाललं, तर चेन सैल पडते आणि टर्बो आवाज करू लागतो. गार इंजिन सुरू करताना टायमिंगच्या बाजूने खळखळ ऐकू आली, तर चेनचं काम जवळ आलं आहे असं समजावं.

ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काजळीने काळं होतं. बघायचं ते वेगळं. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून धूर जोराने फसफसून बाहेर आला, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी. झाकणाच्या आत घट्ट गाळ साचलेला असेल, तर पहिल्या मालकाने सर्व्हिसिंगला काट मारलेली असते. पंधरा हजार किलोमीटर ऑइल न बदलता चालवलेल्या साठ हजारांच्या गाडीपेक्षा वेळेवर बदललेली दीड लाखाची गाडी बरी, असं जुने मेकॅनिक सांगतात. त्यात तथ्य आहे.

तरीही गिऱ्हाईक आकड्यालाच भुलतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. मुळात लाखभर जास्त देऊन डिझेल घेतली कोणी? ज्यांचं फिरणं जास्त, त्यांनी. औषध कंपनीचे प्रतिनिधी, ठेकेदार, दोन गावांत दुकान असलेले व्यापारी, टॅक्सीवाले. अशा माणसाची दहा वर्षांची गाडी पंचावन्न हजार किलोमीटर दाखवत असेल, तर मीटर मागे घेतलेला असण्याची शंका घ्यावी. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, ड्रायव्हरच्या सीटची दबलेली बाजू यांना मीटरसारखं मागे घेता येत नाही. टायरवर चार आकडे छापलेले असतात; २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. गाडीचं वय, टायरचं वय आणि मीटर यांचा मेळ बसतो का, ते पाहावं. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडची नोंद मालकाकडून मागून घ्यावी. आधी टॅक्सी पासिंग असलेली गाडी खासगी करून विकायला आलेली असू शकते, हेही आरसीच्या इतिहासातून कळतं.

आकडा खरोखर कमी असला, तरी सुटका नाही. रोज दोन किलोमीटर शाळा आणि मंडई एवढंच चाललेलं डिझेल इंजिन नीट तापतच नाही. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो, पिकअप मरतो आणि गाडी धूर ओकते.

घरी आणल्यावर या गाडीच्या सवयी अंगवळणी पाडाव्या लागतात. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. एसी लावून, चार माणसं बसवून कशेडी घाट चढताना दुसऱ्या गिअरवर रेंगाळली की गाडी हात टेकते. मग मुकाट्याने पहिला टाकायचा. लांबून दमवून आणल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, अर्धा मिनिट इंजिन तसंच चालू द्यायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं. डिझेल फिल्टर वेळेवर बदलायचा, कारण डिझेलमध्ये आलेलं पाणी इंजेक्टरला मारतं आणि चार इंजेक्टरांचं बिल वर्षभराची बचत गिळतं. मात्र मोकळ्या रस्त्यावर हीच गाडी खुलते. चाळीसेक लिटरची टाकी आणि लिटरला वीस किलोमीटर धरले, तर समृद्धी महामार्गाचे पूर्ण ७०१ किलोमीटर एका टाकीत पार होतात. काटा सतत १२० वर ठेवला तर हा हिशेब कोलमडतो, हेही खरं.

हिशेब रोजच्या वापराचाही करून पाहावा. मुंबईत २०२४ च्या जुलैनंतर पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे आणि डिझेल ९० च्या आसपास होतं. डिझेलला वीस आणि पेट्रोलला पंधराचं ॲव्हरेज धरलं, तर किलोमीटरला साडेचार रुपये विरुद्ध जवळपास सात. महिन्याला दीड हजार किलोमीटर पळणाऱ्याचे साडेतीन हजारांहून अधिक वाचतात. तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याचे वाचतात जेमतेम सातशे, आणि तेवढ्यासाठी टर्बो, इंजेक्टर, चेन यांची जोखीम घेण्यात अर्थ नाही. २०१२ च्या दिल्लीतल्या दरांनी हाच हिशेब मांडला, तर डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी येत होता; आता तो दोनतृतीयांश आहे. शिवाय ज्या गावांत पंप झाले, तिथे सीएनजीने डिझेलचं बरंच गिऱ्हाईक ओढून नेलं.

दिल्लीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल वाहनांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये उचलून धरली. २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला लगाम घातला, पण तोवर धास्तावलेल्या मालकांनी कितीतरी गाड्या इतर राज्यांत विकल्या होत्या. बंदीमागचं कारण खरंच आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. महाराष्ट्रात अशी गाडी घेणाऱ्याला मात्र किंमत बघून भुलता येत नाही. तिकडची एनओसी हवी, इथे पुन्हा नोंदणी हवी आणि इथला एकरकमी करही भरायला हवा. नव्या गाडीला दहा लाखांपर्यंत पेट्रोलसाठी ११ टक्के असलेला हा कर डिझेलसाठी १३ टक्के आहे. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण स्वस्तातला फायदा बराच आटतो. दिल्लीच्या गाडीची एक बाजू मात्र जमेची: मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेतल्या गाडीपेक्षा तिचा पत्रा सहसा कमी गंजलेला असतो.

कागदांत हयगय विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही महाग पडते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे दिले-घेतले, आणि नाव लावायचं राहून गेलं, असं सर्रास होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी हातोहात विकली गेली तरी आरटीओत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. कर्ज फिटलेलं असलं, तरी फॉर्म ३५ देऊन बँकेचा बोजा उतरवलाय का, ते आरसीवर पाहावं.

आणि आरसीवरच नोंदणीची तारीख असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी, पर्यावरण कर आणि पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. २०१२ ची स्विफ्ट २०२७ मध्ये त्या दारात उभी राहणार, २०१६ ची २०३१ मध्ये. विकणारा इंजिनाच्या आवाजाची तारीफ करत असताना घेणाऱ्याने ही उरलेली वर्षं मोजून दाखवावीत, त्यात चेन आणि क्लचचा खर्च मिळवावा, आणि मग आपला आकडा सांगावा.