डायल गेज आणि जर्मन गाडी

आमच्या हॉस्टेलवर रात्री साडेअकरानंतर दोनच विषय चालतात. एक, कोणाचं कोणाशी बिनसलं आणि दुसरा, नोकरी लागल्यावर कोण कोणती गाडी घेणार. (मेसच्या भाजीचा विषय साडेनऊलाच संपतो.) मेकॅनिकलच्या मुली असूनही गाडीच्या चर्चेत आम्ही रंग, सनरूफ आणि लोगो याच्या पुढे फारशा जात नाही, हे आधीच कबूल करते. मीही जात नव्हते. पण या दिवाळीत घरी एक प्रकरण झालं आणि माझं मत बदललं. तेच मत इथे मांडते आहे. मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची!

माझ्या पप्पांचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. पंचवीस वर्षं ते गाड्यांचे पार्ट टर्न करून व्हेंडरला देतात. स्वतः मात्र आजवर वॅगन-आर चालवली. यंदा एका ऑर्डरचे अडकलेले पैसे एकरकमी मिळाले आणि पप्पांनी जेवताना जाहीर केलं, "जर्मन एसयूव्ही घ्यायची. सेकंडहँड. तेवीस लाखात मिळत्या."

आई म्हणाली, "ते पैसे नव्या व्हीएमसीसाठी ठेवले होते ना?" पप्पा काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ निर्णय झालेला आहे असा होतो.

त्यांचं गणित वरवर अगदी बरोबर होतं. नवी मर्सिडीज जीएलसी २०२३ मध्ये भारतात आली तेव्हाच एक्स-शोरूम किंमत ७३.५ लाखांपासून सुरू होत होती. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स: वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के, म्हणजे नुसता टॅक्सच अकरा लाख. तेवढ्यात चांगली हॅचबॅक येते! नवी फॉर्च्युनर घ्यायची तरी ऑन-रोड चाळीस लाखांच्या वर जातं. शिवाय ती लॅडर-फ्रेमवाली, दणकट, पण आजीच्या कंबरेला विचारा. त्यापुढे तेवीस लाखात मोनोकॉक बॉडी, आठ-नऊ गिअरचा ऑटोमॅटिक, सहा-सात एअरबॅग आणि पुढे तो लोगो. कोणाला नको आहे?

पण हे गणित एका जागी फसतं. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नऊ वर्षांच्या गाडीचा हेडलॅम्प फुटला तर दुकानदार "जुनी गाडी आहे, अर्ध्यात द्या" असं ऐकून घेत नाही. एलईडी हेडलॅम्पचं बिल लाखाच्या वर जाऊ शकतं, चार टायर लाखाच्या घरात जातात. झिरो-डेप इन्शुरन्स पाच वर्षांपर्यंत सहज मिळतो, पुढे कंपन्या नाक मुरडतात. म्हणजे गाडी तेवीस लाखांची असली तरी ती पोसायची ऐपत पाऊणशे लाखांवाल्याची लागते. माझं स्पष्ट मत आहे की खरेदीच्या रकमेच्या निदान पाव हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडलेली नाही, नुसती विकत घेता आली आहे.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा जीएसटी आणि सेस मिळून जो ५० टक्के होता तो सरसकट ४० झाला. नवीन गाडी स्वस्त झाली की जुनीही स्वस्त व्हायला हवी, हे तर सरळ आहे. पण जुन्या गाड्यांच्या मालकांना हे कोणी कळवलेलं दिसत नाही. घासाघीस करताना पहिला मुद्दा हाच काढायचा.

तर आम्ही गाडी बघायला गेलो. शहराचं, डीलरचं आणि गाडीचंही नाव लिहीत नाही. काचेचं शोरूम, एसी, कॉफी. तिथे 'सेकंडहँड' शब्द उच्चारायचा नाही, 'प्री-ओन्ड' म्हणायचं. २०१६ ची पांढरी डिझेल, ५८,००० किलोमीटर. सेल्समन सगळं पप्पांनाच सांगत होता, मला मध्येच विचारलं, "मॅडमला कलर आवडला ना?" मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं!

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण जुनं डिझेल इंजिन ऐकायचं असतं ते थंड असताना. आदल्या रात्रीपासून बंद असलेलं इंजिन सुरू करताना पहिल्या दहा सेकंदांत जे ऐकू येतं ते गरम इंजिन लपवून ठेवतं. उदाहरण द्यायचं तर बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाचं देता येईल. एफ-२५ पिढीच्या एक्स-३ मध्ये २०१४ पर्यंत ते येत होतं. त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन आणि गाइड झिजल्याच्या तक्रारींसाठी हे इंजिन जगभर ओळखलं जातं. चेन स्वतः फार महाग नाही, पण तिथपर्यंत पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. थिअरी ऑफ मशिन्समध्ये आपण चेन ड्राइव्हचे फायदे-तोटे चार मार्कांना लिहितो, त्यात 'मागे बसवली तर मालक रडतो' हा तोटा नाही.

तसंच 'लाइफटाइम' गिअर ऑइलचं. विकणारा सांगतो, "ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायचंच नाही, कंपनी म्हणते." पण ज्यांनी गिअरबॉक्स बनवला ती झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांच्या सुमारास ऑइल बदला म्हणते. गाडी कंपनीची लाइफटाइम आणि दुसऱ्या मालकाची लाइफटाइम वेगळी असते, एवढाच याचा अर्थ.

पप्पांनी एक राउंड मारला. शोरूमपासून सिग्नलपर्यंत आणि परत, गुळगुळीत रस्त्यावर. उतरले तेव्हा चेहरा असा की मी काही बोलूच शकले नाही. सीटवरून हात फिरवत होते. त्यांनी टोकन द्यायला पाकीट काढलं आणि मी म्हटलं, "पप्पा, एक स्कॅन तरी करूया."

माझ्या रूममेटचा भाऊ मल्टिब्रँड वर्कशॉपमध्ये आहे, त्याला बोलावलं. डीलरने आधी आढेवेढे घेतले, पण नाही म्हणता येईना. आपण चारशे रुपयांचं ब्लूटूथ डोंगल लावतो ते इथे उपयोगाचं नाही, ते इंजिनचे ठराविक कोडच दाखवतं. त्या मेकचं बोलणारा स्कॅनर लागतो, जो गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग अशी एकेक मॉड्यूल उघडतो. मीटरवरचा आकडा मागे फिरवणारे बहुतेक वेळा डॅशबोर्डवर थांबतात. बाकीच्या मॉड्यूलना कोणी सांगत नाही की आता तुम्ही तरुण झालात. गिअरबॉक्समध्ये एक जुना फॉल्ट साठवलेला होता आणि त्याच्यासोबत त्या वेळचं रीडिंग होतं: १,१२,४००.

सेल्समन म्हणाला, "सॉफ्टवेअरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल, सर." मला मात्र ब्रेक पेडलचं झिजलेलं रबर आणि ड्रायव्हर सीटची बसलेली कड आता एकदम दिसायला लागली. आधीही ती तिथेच होती, आम्ही दोघंही लोगो बघत होतो.

परत येताना कराडपर्यंत कोणी बोललं नाही. चहाला थांबलो तेव्हा मी जरा जोरातच बोलले. दोन वर्षांपूर्वी पप्पांनी जुनी व्हीएमसी घेतली होती. त्यासाठी ते दोन दिवस भोसरीत मुक्कामाला होते. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल लावून डायल फिरवला, टेबलाचा बॅकलॅश बघितला, मेंटेनन्सचं रजिस्टर मागितलं, आपलाच जॉब लावून कापून बघितला. सोळा लाखांच्या मशीनला दोन दिवस आणि तेवीस लाखांच्या गाडीला दहा मिनिटं?

पप्पा म्हणाले, "मशीन पोटासाठी घेतो गं. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट केले, एकदा आत बसून बघायचं होतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. इथे बरेच जण म्हणतील की दिखाव्यासाठी कशाला एवढा खर्च, मध्यमवर्गीयांनी आपल्या पायरीने राहावं वगैरे. मला ते पटत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, तेव्हाही सगळे 'हौस' म्हणून हसले होते. पण त्यांनी एकगठ्ठा सौदा केला, भाव पाडून घेतला, नवी वॉरंटीची गाडी घेतली. हौस करावी, जरूर करावी, पण डायल लावून करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

डायल लावायचा म्हणजे आपल्या वापराला लावायचा, हेही मला यातच कळलं. पप्पांचं घर ते शॉप अंतर नऊ किलोमीटर. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. ती काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो. रोज नऊ किलोमीटर आणि तेही ट्रॅफिकमध्ये गाडी चालवली तर फिल्टर तुंबत जातो. म्हणजे पप्पांसाठी नवी डिझेल नवी कोरी असूनही चुकीचीच. मग पेट्रोल? ऑडीने तर भारतात बीएस-६ आल्यावर डिझेल बंदच केलं. पण जुनं पेट्रोल घ्यायचं तर एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत, आणि पंपावर आता तेच मिळतं. टाकीच्या झाकणाच्या आत किंवा मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते बघायचं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतंच. आमच्याच जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आमच्याच गाडीचं ॲव्हरेज खाणार, याला काय म्हणावं!

पुराचं कोल्हापूर-सांगलीवाल्यांना सांगायला नको. २०१९ आणि २०२१ नंतर किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील देव जाणे. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, धुणारा तिथपर्यंत पोचत नाही. स्टेपनीचा खड्डा बघा. (काही गाड्यांना स्टेपनीच नसते, रन-फ्लॅट टायर असतात, ते पंक्चर होऊनही थोडं अंतर जातात. आंबोली घाटात हे थोडं अंतर किती, हा प्रश्न आहेच.) टायरवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कागदपत्रांत बँकेचा बोजा उतरला आहे का ते वाहनच्या साइटवर दिसतं. आणि दिल्ली पासिंगची गाडी फार स्वस्त दिसली तर थांबा. तिथे २०१५ चा हरित लवादाचा आणि २०१८ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आल्यापासून दहा वर्षांच्या डिझेल गाड्या दुसऱ्या राज्यांत निघाल्या. इथे आणल्यावर एनओसी आणि आपला टॅक्स भरल्यानंतर स्वस्ताई कुठे जाते ते बघा.

नवी घेणाऱ्यांनीही फार हुरळू नये. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर असते. आपल्या रस्त्यावर मागा, घरचे सगळे बसवून मागा. माझ्या आजीला एका नव्या गाडीत चढताच आलं नाही, त्या गाडीला मासिकांनी पाच तारे दिले होते. आणि डिलिव्हरीच्या आधी उत्पादनाचा महिना बघा. डिसेंबरची भरघोस सूट बहुतेक वेळा यार्डात आठ महिने उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर असते.

पप्पांनी अजून गाडी घेतलेली नाही. बेत रद्द झाला असं आईला वाटतं. पण परवा रात्री त्यांचा फोन आला. दोन मिनिटं माझ्या सबमिशनची चौकशी झाली, मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "एक पेट्रोल बघितलीय. पहिलाच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं हायत. थंड इंजिन ऐकून आलो. आता पेंट बघायचा राहिला. तुमच्या लॅबमध्ये ते कोटिंगची जाडी मोजायचं मीटर असतंय का गं?"

कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. दुसऱ्यांदा मारलेला याच्या बराच वर जातो, आणि पुट्टी असेल तर विचारूच नका. फक्त या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे नुसतं मॅग्नेटवालं मीटर चालणार नाही, एडी करंटवालं लागेल. मेट्रॉलॉजी लॅबच्या सरांना विनंती, की तसं मीटर असल्यास शनिवारी एका दिवसासाठी मिळेल का? रजिस्टरमध्ये सही करून नेईन, सोमवारी पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी परत आणीन.

(टी. ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह)