‘नापास’ या शब्दाची उलटतपासणी

मराठीत ‘स्पर्धा परीक्षा’ म्हटलं की दोनच नावं पुढे येतात, एमपीएससी आणि यूपीएससी. पुण्यातली सदाशिव पेठ नाहीतर दिल्लीतलं करोल बाग. पण याच करोल बागेत आणखी एका परीक्षेचा अभ्यास चालतो आणि तिची चर्चा आपल्याकडे जवळपास होत नाही. ती म्हणजे नॉरसेट. एम्सच्या इस्पितळांमध्ये नर्सिंग ऑफिसर नेमण्यासाठी दिल्लीचं एम्स २०२० पासून ही सामायिक परीक्षा घेतं. हा लेख या परीक्षेत एकदा, दोनदा अपयश आलेल्या आणि तरीही पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या आपल्या पोरींबद्दल आहे.

माझ्या पीएचडीच्या कामासाठी मी या भागातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ये-जा करते. करोल बाग बाहेरून दिसतं ते कपडे, सोनं आणि कोचिंगचा बाजार म्हणून. आत शिरलं की रैगरपुरा लागतो. चामड्याचं काम करणाऱ्या रैगर समाजाच्या नावावरून वसलेली ही वस्ती. करोल बाग विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडून आलेले गलाई कामगारही इथेच सोनं गाळतात, म्हणून एखाद्या गल्लीत अचानक मराठी कानावर पडते. जवळच झंडेवालानला आंबेडकर भवन आहे, त्याची पायाभरणी बाबासाहेबांनी १९५० मध्ये केली. म्हणजे ज्यांना कोचिंगच्या फलकांवर जागा नाही, त्यांच्या इतिहासावरच हे फलक उभे आहेत.

आधी परीक्षा समजून घेऊ. बीएस्सी नर्सिंग झालेल्यांना थेट बसता येतं. जीएनएम डिप्लोमा असेल तर किमान ५० खाटांच्या इस्पितळातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची मर्यादा ३० वर्षं, ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. २०२३ पासून प्रीलिम्स आणि मेन्स असे दोन टप्पे आहेत. प्रीलिम्सला १०० प्रश्न, ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. मुलाखत नाही. निवड झाली तर वेतनश्रेणी सातव्या पातळीची, सुरुवातीचं मूळ वेतन ४४,९०० रुपये. खाजगी दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर रात्रपाळ्या काढणाऱ्या मुलीसाठी हा आकडा म्हणजे घराचं कर्ज, भावाचं शिक्षण आणि लग्नाच्या बाजारात मान खाली न घालण्याची सोय.

आता ‘नापास’ या शब्दाकडे येऊ. नॉरसेटमध्ये पात्रतेचे गुण ठरलेले आहेत: खुल्या आणि ईडब्ल्यूएस गटाला ५० टक्के, ओबीसींना ४५, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पण पात्र होणं आणि निवड होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा मोजक्या असतात, म्हणून प्रत्यक्षातली कटऑफ पात्रतेच्या रेषेच्या पुष्कळ वर जाऊ शकते. समजा, एखादीने ९२ प्रश्न सोडवले, ५६ बरोबर आले, ३६ चुकले. वजाबाकीनंतर तिच्या हातात ४४ गुण राहतात. अनुसूचित जाती-जमातींच्या गटात ती पात्र आहे. तरीही तिचा क्रमांक लागत नाही. मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एकीने, नांदेडकडच्या, आयसीयूत चार वर्षं काढलेल्या, मला सांगितलं, “बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, बाई, लागली का? मी नाही म्हटलं. गावात सांगताना ते ‘नापास झाली’ असंच सांगतात. दुसरा शब्दच नाही ना त्यांच्याकडे.”

खरंच नाही. ज्या घरात कुणी शाळेपलीकडे गेलेलं नाही, तिथे परीक्षेचे निकाल दोनच, पास आणि नापास. पात्रता, कटऑफ, प्रतीक्षायादी, पर्सेंटाइल ही भाषा ज्यांच्या घरात जेवताना बोलली जाते, त्यांच्या मुलाला अपयश आलं तर घर म्हणतं, “थोडक्यात हुकलं, पुढच्या वेळी होईल.” आपल्या मुलीला अपयश आलं तर घर गप्प होतं. त्या गप्प बसण्यात राग असेलच असं नाही, अनेकदा फक्त माहितीचा अभाव असतो. पण दुसऱ्या प्रयत्नासाठी लागणारं बळ त्यातच खर्ची पडतं.

एम्स आणि ‘नापास’ या दोन शब्दांचं नातं आपल्याला नवं नाही. २००६ च्या आरक्षणविरोधी आंदोलनानंतर एम्समधल्या जातिभेदाच्या तक्रारी तपासायला प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ च्या तिच्या अहवालात अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना मूल्यमापनात, विशेषतः प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत, मिळणाऱ्या वागणुकीची नोंद आहे. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, अनुसूचित जाती-जमातींच्या कल्याणासाठीच्या संसदीय समितीने एम्सबद्दल पुन्हा तेच म्हटलं. या विद्यार्थ्यांना एमबीबीएसमध्ये वारंवार नापास केलं जातं, म्हणून परीक्षकाला नाव कळू नये यासाठी सांकेतिक क्रमांक वापरा, अशी शिफारस तिला करावी लागली.

हे लक्षात घेतलं की या मुलींना संगणकावरच्या परीक्षेचा एवढा भरवसा का वाटतो ते कळतं. “मशीन आडनाव विचारत नाही,” हे वाक्य मी अनेकींकडून ऐकलं. ते खरं आहे, आणि तोंडी परीक्षेपेक्षा हे बरंच म्हटलं पाहिजे. पण आडनावाने आपलं काम परीक्षेच्या हॉलबाहेर आधीच केलेलं असतं. कुठल्या शाळेत इंग्रजी शिकलो, सरकारी कॉलेज मिळालं की पेशंटच नसलेल्या इस्पितळाला जोडलेलं खाजगी कॉलेज, शिकताना किती केसेस हाताळायला मिळाल्या, अभ्यासाला दिवसाचे किती तास उरतात, हे सगळं मशीन विचारत नाही. पण गुणांमध्ये ते उतरतंच. सर्वोच्च न्यायालयाने नील ऑरेलिओ न्यून्स प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये हेच सांगितलं आहे: खुल्या स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता, अशी अरुंद व्याख्या करता येणार नाही, कारण कुटुंबाची परिस्थिती आणि सामाजिक भांडवल त्या गुणांमागे काम करत असतं.

तासांचा हिशेब सगळ्यात आधी मांडायला हवा. पूर्ण वेळ अभ्यास करणारी मुलगी आणि रात्रपाळी करून सकाळी खोलीवर येणारी मुलगी एकाच कटऑफला सामोऱ्या जातात. दुसरी नोकरी का सोडत नाही? कारण खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी पाठवायची रक्कम याच पगारातून येते. आणि हा पगार किती असावा हे देशाने ठरवलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं, की २०० हून जास्त खाटांच्या खाजगी इस्पितळांनी राज्य सरकारच्या नर्सइतका पगार द्यावा, १०० हून जास्त खाटा असतील तर फरक १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, ५० ते १०० खाटांना २५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी २०,००० रुपयांच्या खाली जाऊ नये. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये तसा आदेश काढला, इस्पितळांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश योग्य ठरवला. तरी मला भेटलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणींना अशी काही शिफारस आहे हेच माहीत नव्हतं. हा पगार खरोखर हातात पडला, तर एकीला महिन्यातल्या जादा पाळ्या सोडता येतील. त्या पाळ्या म्हणजेच तिचा अभ्यास.

परीक्षेच्या शुल्काचंही तसंच. अनुसूचित जाती-जमाती आणि ईडब्ल्यूएस गटाला ते २४०० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला परीक्षेला बसल्यावर ते परत मिळतं. पण आधी भरावं लागतं, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. ज्याच्या खिशात पैसे पडून असतात त्यालाच ‘नंतर परत मिळेल’ या शब्दांचा आधार वाटतो.

काही वाचक म्हणतील, नर्सच्या हातात माणसाचा जीव असतो, तिथे कडक परीक्षा नको का? हवीच. पोटॅशियम क्लोराइड थेट शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, हे ज्या नर्सला माहीत नाही तिच्या हाती पेशंट देऊ नये. माझा आक्षेप परीक्षेला नाही. आक्षेप आहे तो परीक्षेच्या निकालाला माणसाच्या लायकीचा दाखला मानण्याला. ग्लासगो कोमा स्केलचा किमान गुण ३ असतो, हे पाठ असणं गरजेचं आहे. पण पहाटे चारला पेशंटच्या प्रतिसादात पडलेला बारीक फरक ओळखून डॉक्टरला उठवणं हेही ज्ञानच आहे, आणि ते ९० मिनिटांत मोजता येत नाही. त्याला आपण ‘सेवाभाव’ म्हणतो आणि मोकळे होतो.

हा ‘सेवाभाव’ शब्दही तपासून घ्यावा. परक्याच्या शरीराला, रक्ताला, मळमूत्राला हात लावणं हे काम जातिव्यवस्थेने विटाळाचं ठरवलं. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. आज आपण त्यांना शिक्षिका म्हणून आठवतो. शुश्रूषेतही त्या आपल्या पूर्वज आहेत, हे नर्सिंगच्या मुलींना कुणी सांगत नाही. ज्या कामाला स्पर्शाची भीती चिकटलेली होती त्याच कामाला आता सातव्या पातळीचा पगार मिळतो, तेव्हा त्या दारात कोण उभं राहणार हा प्रश्न जातीचाच आहे.

आणि दार पुढे सरकतंय. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रसूतिसेवेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हे १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाचं पद आणलं. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याआधीच सुरू झाला होता. १९४७ चा नर्सिंग कौन्सिलचा कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. म्हणजे स्वतःच्या निर्णयाने उपचार करू शकणारी नर्स ही कल्पना आता कागदावर आहे. तिथेही निवड, परीक्षा, प्रमाणपत्र असणारच. आज नॉरसेटला दुसऱ्यांदा बसायची ताकद जिच्यात उरणार नाही, ती त्या दारापर्यंत पोचणारच नाही.

म्हणून काही मागण्या स्पष्ट करायला हव्यात. बार्टी, महाज्योती, टीआरटीआय यांनी नर्सिंगच्या परीक्षांचा अभ्यास हा एमपीएससी-यूपीएससीइतकाच गंभीरपणे घ्यावा आणि एकदा अपयश आलेल्या उमेदवाराला दुसऱ्या प्रयत्नासाठी विद्यावेतन द्यावं. पगाराच्या शिफारशी महाराष्ट्रानेही बंधनकारक कराव्यात. नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवणाऱ्या इस्पितळावर कारवाई व्हावी, कारण त्या एका कागदाअभावी जीएनएमची मुलगी परीक्षेलाच बसू शकत नाही.

आणि जी पुन्हा बसणार आहे, तिच्याशी थोडं व्यवहाराचं. निकालाचा कागद हातात घे आणि चुकांचे तीन ढीग कर: वाचलंच नव्हतं ते, वाचलं होतं पण आठवलं नाही ते, आणि येत असून घाईत चुकलं ते. तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्या पानापासून सगळं पुन्हा वाचणं हा त्यातल्या कुठल्याच ढिगावरचा उपाय नाही. वजा गुणांचा बाऊ करू नको. चार पर्यायांत एक तृतीयांश वजा असेल, तर अगदी अंदाजाने मारलेल्या उत्तरांची सरासरी शून्यावर येते. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, की हिशेब तुझ्या बाजूने झुकतो. आपल्या घरात नुकसान परवडत नाही, म्हणून आपण अर्धवट माहीत असलेले प्रश्न कोरे सोडतो. ती सवय गरिबीने लावलेली आहे, गणिताने नाही. पाळ्या सांभाळून दोघी-तिघींनी मिळून अभ्यास करा. आणि घरी फोन कराल तेव्हा आकडा सांगा, कटऑफ सांगा, किती गुणांनी हुकलं ते सांगा. आई-बापाला हिशेब कळतो, आयुष्यभर त्यांनी तोच केला आहे.

आपण, म्हणजे हे वाचणारे, आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहोत. आपल्यानंतर परीक्षेला बसणाऱ्या बहिणी, भाच्या, शेजारच्या पोरी निकाल घेऊन आधी आपल्याकडेच येतील. त्यांना ‘पास की नापास’ असं विचारू नका. किती गुण पडले, कुठे गेले, आणि पुढच्या अर्जाची तारीख काय, असं विचारा.

जयभीम.