आपोआप मिटणारा प्रोग्रॅम आणि फॉरमॅटचे औषध



‘प्रोग्रॅम’ म्हटले की आपल्याला आधी आठवतो तो तोडणीचा प्रोग्रॅम. तो मागेपुढे झाला की काय हाल होतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आज लिहावयाचे आहे ते दुसऱ्या प्रोग्रॅमबद्दल. गावच्या सोसायटीत, दूध संस्थेत, खताच्या दुकानात आणि आता पुष्कळ सभासदांच्या घरीही कॉम्प्युटरवर हिशेबाचा प्रोग्रॅम असतो. तो उघडावा आणि दोन मिनिटांत त्याने आपोआप मिटावे. पुन्हा उघडावा, पुन्हा मिटावा, अशी तक्रार वरचेवर कानी येते. ‘व्हायरस शिरलाय’ हे निदान पारावर बसलेला कोणीही करतो. औषधही ठरलेले. फॉरमॅट मारा!

माझा आक्षेप या औषधाला आहे.

आमच्या भागातील एका संस्थेत (नाव कशाला घ्या) असेच झाले. बाजारपेठेतून एक पोरगा आला, तासाभरात त्याने कॉम्प्युटर पुसून कोरा केला, खिशातल्या पेनड्राइव्हवरून सगळे नव्याने भरून दिले आणि पैसे घेऊन गेला. मशीन झकास चालू लागले. पण आधीच्या नोंदींची प्रत कोणी काढलीच नव्हती. सचिव पावत्यांची बाडे सोडून पुन्हा पहिल्यापासून नोंदी करीत बसले. ज्यांनी आपली पावती जपली होती त्यांचे निभावले, बाकीच्यांना हेलपाटे. आणि आठ-दहा दिवसांत तो प्रोग्रॅम पुन्हा मिटू लागला! कारण रोग होता त्या पेनड्राइव्हवरच्या चोरीच्या प्रतीत. तीच प्रत पुन्हा भरली, तर दुसरे काय व्हायचे?

आपण उसाच्या बाबतीत असे कधी वागत नाही. ऊस पिवळा पडला म्हणून कोणी लगेच नांगर घालत नाही. पाणी साचले असेल, लोह कमी पडले असेल, नाहीतर खाली हुमणी असेल. बेट धरून हलवून बघतो. मुळे खाल्लेली असली की ते अलगद हातात येते, मग माती उकरून अळी शोधतो. पिवळेपणा एकच, पण कारणे तीन आणि औषधेही तीन. प्रोग्रॅम मिटण्याचेही तसेच आहे. डिस्क शिगोशीग भरलेली असली, डिस्क किंवा मेमरी खराब झाली असली, काम चालू असताना लाईट जाऊन नोंदींची फाईल अर्धवट लिहिली गेली असली, तरी प्रोग्रॅम असाच मिटतो. व्हायरसचा यात काडीचा संबंध नसतो. कधी तर राखणदारच चावतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या नामांकित अँटीव्हायरसच्या सुधारणेने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल व्हायरस समजून उचलली आणि जगभरचे कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले.

म्हणून प्रोग्रॅम मिटला की आधी बघायचे. फक्त तोच मिटतो की सगळेच मिटतात? उघडताक्षणी की छपाईला घातल्यावर? पडद्यावर काय मजकूर आला? तो तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढावा. विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाचे एक पान असते. कोणत्या दिवशी काय कोसळले, हे त्यात लाल फुलीने दाखविलेले असते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने हे पान न उघडता थेट फॉरमॅटची भाषा केली, तर त्याला चहा पाजून खुशाल परत पाठवावे.

आता खरोखर व्हायरस असल्याचा संशय कधी धरायचा? अँटीव्हायरसच उघडेना किंवा उघडला की मिटू लागला, इतर सगळ्या वेबसाईट उघडतात आणि अँटीव्हायरस कंपन्यांच्या तेवढ्या उघडत नाहीत, तेव्हा संशय बळावतो. २००८ च्या नोव्हेंबरात पसरलेला कॉन्फिकर नावाचा किडा नेमके हेच करी, आणि तो पेनड्राइव्हवरूनही हिंडे. चोर आधी कुत्र्याला भाकरी टाकतो, त्यातलाच प्रकार.

त्याआधीची, ऑगस्ट २००३ ची ब्लास्टरची गोष्ट तर आपल्या मुद्द्यासाठी फारच बोलकी आहे. हा किडा इंटरनेटच्या तारेतून विंडोजमध्ये शिरे, शिरताना विंडोजचा एक महत्त्वाचा भाग कोलमडे, आणि साठ सेकंदांची मुदत देऊन कॉम्प्युटर आपोआप बंद होई. लोकांनी धडाधड फॉरमॅट मारले. विंडोज कोरे भरले, तार जोडली, आणि काही मिनिटांत पुन्हा तेच! भोक बुजविल्याशिवाय पोते भरण्यासारखे ते होते. भोक बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजीच, म्हणजे किडा सुटण्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, फुकट दिली होती. ती घेतली कोणी नव्हती, एवढेच.

आपल्याकडे ती घेतली जात नाही याला कारण आहे. चोरीच्या प्रती भरणारे लोक सुधारणा मुद्दाम बंद करून ठेवतात, आणि ‘क्रॅक’ चालविताना अँटीव्हायरसही बंद करा असे सांगतात. दार उघडे ठेवायचे, राखणदाराला झोपवायचे, आणि वर ‘व्हायरस कुठून आला’ म्हणून विचारायचे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही पुष्कळ संस्थांच्या गावी नाही.

संशय पक्का झाला तर इंटरनेटची तार आधी काढावी. पुसापुशीपूर्वी नोंदींची प्रत घ्यावी, आणि ती घेतलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय शेजारच्या कॉम्प्युटरला लावू नये. आपली निम्मी रोगराई अशीच हिंडते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो. त्याची ‘ऑफलाइन’ तपासणी विंडोज सुरू होण्याआधी चालते, त्यामुळे लपून बसलेल्याला मध्ये तंगडी घालता येत नाही. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाईटवर, म्हणजे २०१७ पासून, मोफत साधने आहेत. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये २७ व्हायरस, येथे दाबा’ असे पडद्यावर आपसूक झळकले तर मात्र दाबू नये, ते स्वतःच व्हायरसचे बोलावणे असते. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, निरोगी कॉम्प्युटरवरून बदलावेत. पैसे गेल्याचे दिसले तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. एवढे सगळे करून भागले नाही, तर फॉरमॅट. तोही मूळ, परवान्याच्या प्रतीवरून. फॉरमॅट शेवटी लागतो, कधी कधी लागतोच. माझे म्हणणे त्याच्या नंबराबद्दल आहे.

आता यात आपला, सभासदाचा, काय संबंध? जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे आपले पीककर्ज, व्याज, वसुली सगळे त्या डब्यात चालले आहे. वार्षिक सभेत आपण काट्यावरून, उताऱ्यावरून संचालकांना धारेवर धरतो, धरावेच. पण आपल्या खात्याची प्रत रोज निघते का, ती कॉम्प्युटरपासून वेगळी ठेवली जाते का, प्रोग्रॅम परवान्याचा आहे का, असे विचारलेले माझ्या तरी ऐकण्यात नाही. सचिवाने परवान्याचा खर्च मागितला की ‘फुकट मिळतंय की’ म्हणून तो खोडणारे आपणच असतो. सभेच्या मंडपाला आणि जेवणाला मात्र मंजुरी हात वर करून!

येत्या सर्वसाधारण सभेत आपापल्या सोसायटीत हे तीन प्रश्न लेखी द्यावेत. तोंडी विचारले तर अहवालात येत नाहीत. आणि उत्तर मिळेपर्यंत भरण्याच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. सदऱ्याच्या खिशात राहिल्या की धुण्यात जातात.