पोरगं आळशी नाही

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचे लिहू नये असा संकेत आहे. पण या विषयाला दिवाळीइतकी सोयीची वेळ दुसरी नाही. खामगाव घ्या, मेहकर घ्या, चिखली घ्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, चारपाच वर्षांची मुले एका अंगणात जमतात, आणि एकट्या मुलाकडे पाहून जे आईच्या ध्यानात येत नाही ते चौघांत चटकन दिसते. फटाक्याची वात पेटली की बाकीची टुणकन उठून पळतात. एखादा मात्र आधी ओणवा होतो, हात जमिनीला टेकतो, मग गुडघ्यांना, मग मांड्यांना, आणि आपल्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राहतो. आजी म्हणते, "पोट्टं लाडानं आळशी झालं बाप्पा!"

हा आळस नव्हे. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७९ साली या उठण्याचे वर्णन केले. डॉक्टर लोक ही खूण अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. लहान मुलग्यात ती दिसली की ड्यूशेन स्नायुक्षयाचा विचार आधी करावा लागतो. सुमारे पाच हजार मुलग्यांत एकाला हा आजार होतो. स्नायूचे तंतू ताण पडला तरी फाटू नयेत म्हणून शरीर डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन तयार करते. त्याचा शोध १९८७ साली लागला. या मुलांच्या शरीरात ते तयार होत नाही. स्नायू झिजतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरदार दिसतात, आणि घरचे त्यावरच खूष असतात!

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पहिली शंका आल्यापासून पक्के निदान होईपर्यंत सरासरी अडीच वर्षे गेल्याचे आढळले. सुबत्तेच्या देशात ही गत. मग आपल्याकडे तेलमालीश, नवस आणि टॉनिक यांत किती काळ जात असेल! एक फसगत तर शिकलेल्या घरांतही होते. रक्तात एसजीपीटी वाढलेले निघते आणि मुलाला यकृताची औषधे सुरू होतात. हे द्रव्य झिजलेल्या स्नायूतूनही रक्तात उतरते. अशा वेळी डॉक्टरांना 'सीपीके'ची तपासणी करायला सांगावे. निरोगी मुलात दोनतीनशेच्या आत असणारा तो आकडा या आजारात दहावीस हजारांवर जातो. मग जनुकतपासणीने निदान पक्के होते.

आता गुरुजींसाठी चार शब्द. डिस्ट्रॉफिन मेंदूतही असते. म्हणून यातली कित्येक मुले उशिरा बोलतात आणि सुमारे तिसरा हिस्सा अभ्यासात मागे पडतो. न्यूयॉर्कच्या व्हेरॉनिका हिंटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की, हुशार मुलांतही कानाने ऐकलेले क्षणभर धरून ठेवण्याची शक्ती तोकडी असते. "दप्तर ठेव, पाटी काढ, पाढा लिही आणि मग इकडे ये" असे एका दमात सांगितले तर त्यातले निम्मे हरवते. एकेक सांगा, तो करील. पाय थकत जातात तशी बुद्धी थकत जात नाही. म्हणून चालणे थांबले तरी शाळा थांबवू नये, वर्ग तेवढा तळमजल्यावर घ्यावा. आणि ऐकत नाही म्हणून उठबशा? या स्नायूला त्याहून वाईट शिक्षा शोधून सापडायची नाही. खाली बसताना स्नायू ताणला जातो आणि नेमका तेव्हाच तो फाटतो.

घरात दुसरीच शिक्षा चालते. हे जनुक मुलाला आईकडून मिळते, एवढे अर्धवट कानी पडले की सारा दोष सुनेच्या माथी येतो. वस्तुतः सुमारे तिसऱ्या हिश्श्यात आईच्या जनुकात दोष नसतोच. तो मुलात नव्याने उद्भवतो. उरलेल्यांतही त्या बाईला आपल्या रक्तातले काय ठाऊक असणार! पुढच्या गरोदरपणाआधी तिची, आणि तिच्यात दोष निघाला तर तिच्या बहिणींचीही तपासणी करून घ्यावी, हे मात्र खरे.

हा आजार बरा करणारे औषध नाही. अमेरिकेत २०२३ साली एका जनुकोपचाराला परवानगी मिळाली. त्याची किंमत पंचवीस कोटी रुपयांवर, आणि काही रुग्ण दगावल्याने २०२५ साली त्याच्या वापरावर बंधने आली. पण साधी, स्वस्त स्टेरॉइडची गोळी वेळेवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू झाली तर चालण्याची दोनतीन वर्षे वाढतात. दहाबाराव्या वर्षी चालणे थांबणाऱ्या मुलाला ही वर्षे थोडी नव्हेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डॉक्टरांसमोर त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगा. स्नायुक्षय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे. प्रमाणपत्रासाठी जाताना सीपीकेचा आणि जनुकतपासणीचा कागद बरोबर न्यावा.