आधी दोन संगणक, मग सगळे

तुमच्या प्रयोगशाळेत किंवा कचेरीत वीस संगणक असतील, तर प्रत्येकाने मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं अपडेट इंटरनेटवरून वेगळं उतरवायची गरज नाही. सर्व्हरवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये नवी आवृत्ती ठेवली की सगळे संगणक ती तिथून उचलतात. इंटरनेटवरचा भार वाचतो आणि आवृत्ती सगळीकडे एकच राहते. हे गरजेचंच आहे, कारण नव्या एक्सेलमधलं एक्सलुकअप हे सूत्र एक्सेल २०१६ला कळतच नाही.

पण फोल्डर एक, तर चूकही एकदम सगळीकडे! १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तोवर जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते आणि अमेरिकेत हजारो विमान उड्डाणं रद्द झाली. अनेक संगणक एकेक करून हाताने दुरुस्त करावे लागले. पुढे कंपनीनेही टप्प्याटप्प्याने वितरणाचा मार्ग धरला.

म्हणून माझं मत : फोल्डर दोन ठेवा. पहिल्यातून फक्त दोन संगणक अपडेट करा, त्यांवर रोजच्या फायली आणि मॅक्रो चालवून पाहा, आणि आठवड्याने तीच आवृत्ती दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. तातडीची सुरक्षा-दुरुस्ती असेल, तर एक दिवस पुरे. शितावरून भाताची परीक्षा करायला वेळ तो कितीसा लागतो?